दिवा कशाला बांधला आहे? दर्शकदिव्यांच्या इतिहासातील काही पाने

सन २००४ च्या मृगाआधीची गोष्ट आहे. मी त्या वेळी महसूल खात्याच्या सेवेत, सीमाभागातील एका तालुका कचेरीत होतो. हस्तलिखित उतारे बंद होऊन संगणकीय उतारे देण्याची पद्धत नुकती कोठे रुळली होती. पेरणी तोंडावर आलेली, पीककर्जासाठी सोसायटीत उतारा दाखल करावयाचा, त्यामुळे सकाळी आठपासूनच खिडकीपुढे रांग लागे. त्या दिवशी दहाच्या सुमारास खिडकीवरील संगणक एकाएकी थिजले. पडद्यावर खातेदाराचे नाव दिसे, सर्व्हे नंबर दिसे, पण कागद काही उमटेना.

कोपऱ्यातील लोखंडी कपाटात नेटवर्क स्विच ठेवलेला होता. चोवीस तोंडांची ती चपटी पेटी. कचेरीतील प्रत्येक संगणकाची वायर तीत येऊन खोचलेली. मी कपाट उघडून पाहिले. सगळे हिरवे दिवे लागलेले होते, इतकेच नव्हे तर भराभर लुकलुकत होते. मला हायसे वाटले. बाहेर येऊन मी मोठ्या विश्वासाने सांगितले, "दिवे सगळे लागले आहेत. काम चालू आहे. थोडी कळ काढा." रांगेत पुढेच उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, दिवा लागलाय म्हणता, मग कागद का मिळंना?"

मजजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळी सारी रांग रिकाम्या हातांनी परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तंत्रज्ञ आला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याने कपाट उघडले, क्षणभर पाहिले आणि एक वायर उपटून काढली. दिव्यांची धांदल तत्काळ थांबली आणि खिडकीवरील प्रिंटर कुरकुरू लागला. झाडलोट करताना कोणीतरी लोंबकळणारे टोक दिसले म्हणून रिकाम्या तोंडात खोचून ठेवले होते. त्या वायरचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये होते. मुलगा म्हणाला, "साहेब, सगळे दिवे एकदमच असे लुकलुकालेत तर समजायचं, काम होईना झालंय, नुसता गोंधळ चाललाय."

ज्या खुणेवर विसंबून मी शंभर माणसांना थांबवून ठेवले, ती खूण नेमकी उलट गोष्ट सांगत होती. ही बोच मनात राहिली. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा या इवल्या दिव्यांची कुळकथा शोधू लागलो. ती वाटली त्याहून जुनी निघाली, आणि म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातच सापडले.

या कुळकथेचा आरंभ रुळांवर करावा लागतो. 'स्विच' हा शब्दच अमेरिकेत रुळांच्या सांध्यासाठी रूढ झाला. गाडी या मार्गावरून त्या मार्गावर वळविणारा तो सांधा, आणि ते काम करणारा आपल्याकडचा सांधेवाला. पुढे टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या यंत्राला तेच नाव मिळाले व तेथून ते संगणकांच्या जाळ्यात आले. शब्दाबरोबर दिवेही आले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील रेल्वेत रात्रीच्या संकेतांसाठी तीन रंग होते. तांबडा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावध आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा. ही योजना वरवर पाहता निर्दोष वाटते. दिवा मुळात पांढराच; धोक्याच्या वेळी त्यापुढे रंगीत काच आणावयाची. परंतु तीत एक जीवघेणी खोट होती. तांबडी काच फुटून पडली की धोक्याचा दिवा आपोआप पांढरा दिसू लागे, म्हणजे 'खुशाल या' असे सांगू लागे. शिवाय रुळांलगतच्या घरांत व रस्त्यांवर दिवे वाढत गेले, तसा कोणता पांढरा दिवा रेल्वेचा आणि कोणता शेजारच्या घराचा हे चालकाला उमगेनासे झाले. अखेर पांढऱ्याला रजा देऊन हिरव्या रंगाकडे 'मार्ग मोकळा' हे काम सोपविण्यात आले. आज जगभर हिरवा रंग खुशालीचा मानला जातो. एकेकाळी तो सावधगिरीचा होता, हे आपण विसरून गेलो आहोत.

या घडामोडीतून एक तत्त्व हाती आले. बिघाड झाल्यास खूण खुशालीकडे झुकता कामा नये. ती धोक्याकडेच झुकली पाहिजे. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन याने १८७२ साली घेतलेल्या पेटंटात हे तत्त्व विजेच्या भाषेत मांडले. त्याने रुळांच्या एका टप्प्यातून सतत वीज खेळती ठेवली. मार्ग मोकळा असेपर्यंत ती वीज पलीकडच्या रिलेला धरून ठेवी व संकेत 'मोकळा' राही. गाडी त्या टप्प्यावर आली की तिच्या चाकांमधून वीज आडवी वाहून जाई, रिले सुटे आणि संकेत 'थांबा' असा होई. परंतु याहून मोठी गोष्ट अशी की रूळ तुटला, तार निखळली किंवा बॅटरी संपली तरीही संकेत 'थांबा' असाच होई. खुशालीची खूण आयती मिळत नव्हती. प्रत्येक क्षणी प्रत्यक्ष पुरावा असेल तरच ती टिकत होती. नेटवर्क स्विचवरील हिरव्या दिव्याचे बीज मला येथे दिसते.

दुसरे पान टेलिफोनचे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. योगायोग असा की, बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, कोलकात्याच्या एक्स्चेंजचे उद्घाटन झाले. मुंबई व मद्रास येथेही त्याच वर्षी एक्स्चेंजे आली. सुरुवातीच्या फळ्यांवर दिवे नव्हते. ग्राहकाने टेलिफोनचा दांडा फिरविला की एक्स्चेंजमध्ये त्याच्या नंबरावरील लहानशी झडप खाली पडे. ऑपरेटरने ती पाहून विचारपूस करावयाची, दोघांच्या तारा जोडावयाच्या आणि झडप पुन्हा हाताने वर लावावयाची.

१८९० च्या दशकात बॅटरी ग्राहकाच्या घरातून एक्स्चेंजमध्ये आली आणि झडपांच्या जागी लहान दिवे बसू लागले. ग्राहकाने रिसीव्हर उचलला की त्याच्या तारेचे मंडळ पुरे होऊन दिवा लागे. तारांच्या प्रत्येक जोडीला आणखी दोन दिवे असत. बोलणे संपवून दोघांनी रिसीव्हर ठेवले की ते लागत, आणि ऑपरेटर जोडणी काढून घेई. म्हणजे त्या फळ्यावरील एक दिवा 'कोणी बोलू इच्छितो' असे सांगत होता आणि दुसरा 'बोलणे संपले' असे. दिवा तोच, पेटणे तेच, अर्थ मात्र परस्परांविरुद्ध. दिवा लागला आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. तो कोणत्या गोष्टीला बांधलेला आहे हे ठाऊक असावे लागते. ऑपरेटरच्या शिक्षणात हेच मुख्य होते. पुढे स्वयंचलित एक्स्चेंजे आली, जोडण्या यंत्रे करू लागली, आणि दिवे ग्राहकाच्या सेवेतून निघून देखरेख करणाऱ्या तंत्रज्ञाच्या डोळ्यांपुढे गेले.

याच परंपरेतील एक दुवा आपल्या जिल्ह्यातून जातो. सी-डॉट या संस्थेची स्थापना १९८४ साली झाली. खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे, वातानुकूलनावाचून चालणारे लहान स्वयंचलित एक्स्चेंज तिने घडविले, आणि त्यातील पहिले १९८६ साली बसविण्यात आले ते कित्तूर येथे. राणी चन्नम्मेच्या लढ्यामुळे आपण कित्तूरचे नाव घेतो. दळणवळणाच्या इतिहासातही त्या गावाची नोंद आहे.

आता दिव्याच्या देहाविषयी. टेलिफोन फळ्यावरील दिव्यात तार तापून उजेड होई, आणि ती तार केव्हा ना केव्हा तुटे. मग प्रश्न पडे, दिवा लागला नाही तो बोलणारे कोणी नाही म्हणून, की दिवाच गेला म्हणून? यासाठी जुन्या फलकांवर सर्व दिवे एकदम पेटवून पाहण्याचे बटण असे. या अडचणीतून सुटका केली ती एलईडीने. हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्याने १९०७ सालीच कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडली असता तो थंडपणे प्रकाशतो, अशी नोंद छापली होती. रशियातील ओलेग लोसेव्हने १९२० च्या दशकात त्याचा चिकाटीने अभ्यास केला. दोघांचेही काम मागे पडले. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याकने डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा एलईडी बनविला, आणि १९६८ पासून मोन्सँटोने त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पुढे पिवळा व हिरवा आला. निळ्यासाठी मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. त्या कामाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडीला तुटावयास तार नाही, वीज नाममात्र लागते आणि आयुष्य हजारो तासांचे. प्रत्येक वायरमागे एक-दोन दिवे लावण्याची चैन त्यामुळेच परवडली. तरीही जुनी दक्षता सुटलेली नाही. अनेक चांगले स्विच सुरू होताना सर्व दिवे एकदा लावून दाखवितात. ते दिखाऊपणासाठी नव्हे. 'आम्ही साक्ष देण्यास समर्थ आहोत' असे सांगण्यासाठी.

संगणकांच्या जाळ्याची कथा १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात सुरू होते. रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी तेथे इथरनेट उभारले. त्यात सर्व संगणक एकाच जाड केबलवर टांगलेले असत. कोठे तरी जोड सैल झाला की सारे जाळे बसे आणि दोष शोधण्यासाठी केबलीच्या लांबीवर फिरावे लागे. १९९० साली दुहेरी पिळाच्या साध्या तारांवर चालणाऱ्या इथरनेटचे प्रमाण ठरले, आणि प्रत्येक संगणकाची स्वतंत्र वायर मधल्या पेटीत येऊ लागली. त्या प्रमाणातच एक शहाणपणाची तरतूद होती. तारेवर मजकूर नसतानाही दोन्ही टोकांनी एकमेकांस सूक्ष्म ठोका पाठवीत राहावयाचे, सुमारे सोळा मिलिसेकंदांनी एक. समोरून ठोके येत असतील तरच जोडणी जिवंत मानावयाची व दिवा लावावयाचा. ठोके थांबले की दिवा मालवावयाचा. रॉबिन्सनने रुळांत खेळविलेल्या विजेचेच हे रूप. पुढील वेगवान इथरनेटमध्ये सुट्या ठोक्यांऐवजी अखंड संकेत आला, तत्त्व तेच राहिले.

मधली पेटी आरंभी 'हब' होती. हब म्हणजे दवंडीवाला. एकाचे बोलणे तो सर्वांना ऐकवी. दोघे एकदम बोलले की टक्कर होई, आणि टकरींसाठी हबवर वेगळा दिवा असे. त्याच १९९० साली 'कल्पना' नावाच्या अमेरिकन कंपनीने सात तोंडांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. नाव वाचून मी थबकलो. कंपनीचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे, आणि कल्पना हे त्यांच्या पत्नीचे नाव. १९९४ साली ही कंपनी सिस्कोने विकत घेतली. स्विच दवंडी पिटत नाही. तो टपालवाल्यासारखा वागतो. कोणता पत्ता कोणत्या तोंडाकडे आहे हे तो येणाऱ्या मजकुरावरून शिकतो आणि पुढचा मजकूर त्याच तोंडाकडे पाठवितो. स्विच सार्वत्रिक झाल्यावर दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येऊ लागले, टकरी संपल्या आणि टकरीचा दिवाही इतिहासजमा झाला.

टपालवाल्यालाही काही पत्रे सर्वांना वाटावी लागतात. स्विचमध्ये असा सर्वांसाठीचा मजकूर आला की तो सर्व तोंडांतून बाहेर जातो. आता एखाद्या वायरची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये असतील तर काय होईल? एका तोंडातून गेलेला मजकूर दुसऱ्या तोंडातून परत येईल, पुन्हा सर्वांना वाटला जाईल, पुन्हा परत येईल. या फेऱ्यांना अंत नाही, कारण इथरनेटच्या मजकुरावर 'इतक्या फेऱ्यांनंतर नष्ट व्हावे' असा शिक्का नसतो. थोड्याच वेळात या निरर्थक फेऱ्यांनी सारे मार्ग भरून जातात. त्या दिवशी कचेरीत झाले ते हेच. दिवे खोटे बोलत नव्हते. 'तारेवर मजकूर वाहत आहे' एवढेच ते सांगत होते, आणि तो खरोखरच वाहत होता. तो म्हातारीच्या उताऱ्याचा आहे असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते. ते मी म्हटले.

यावर उपाय फार आधी निघाला होता. १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील रेडिया पर्लमन या विदुषीने एक रीत शोधून काढली. जाळ्यातील पेट्या आपसात निरोप देऊन एक मूळ ठरवितात, तेथून प्रत्येकीपर्यंत एकच वाट राहील असे झाड कल्पितात आणि उरलेल्या वाटा बंद ठेवतात. आपल्या शोधावर पर्लमन यांनी जॉइस किल्मरच्या झाडावरील प्रसिद्ध कवितेच्या धर्तीवर एक छोटी कविताही रचली. आपल्या मंडळाच्या सभासदांना त्याचे कौतुक वाटेल. ही रीत पाळणाऱ्या कित्येक स्विचमध्ये नवी वायर खोचली की दिवा प्रथम तांबूस-पिवळा लागतो आणि सुमारे तीस सेकंदांनी हिरवा होतो. पंधरा सेकंद कानोसा, पंधरा सेकंद पत्ते शिकणे, आणि फेरा नाही अशी खात्री पटली तरच प्रवेश. अजाण माणूस हा पिवळा दिवा पाहून वायर काढून पुन्हा खोचतो आणि तीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात! आमच्या कचेरीतील स्विच स्वस्तातला होता. त्यात ही सोय नव्हती.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी, शाळेत वा वाचनालयात आज अशी पेटी असेल, म्हणून तिच्या दिव्यांचे वाचन थोडक्यात सांगतो. दिवा मुळीच नसेल तर समोरून संकेत येत नाही. वायर सुटली असेल, पलीकडचे यंत्र बंद असेल, किंवा ते तोंड मुद्दाम बंद केलेले असेल. स्थिर हिरवा म्हणजे जोडणी आहे. थांबून थांबून, आपापल्या लयीत लुकलुकणारे दिवे म्हणजे निरोगी वाहतूक. सर्वच्या सर्व एकदम, अखंड आणि भराभर लुकलुकू लागले तर प्रथम फेरा शोधावा. पिवळ्याचा अर्थ मात्र कारखान्यागणिक बदलतो. कोठे तो मंद वेग दाखवितो, कोठे अडविलेली वाट, कोठे दोष. त्यासाठी पेटीबरोबर आलेली पुस्तिका फेकू नये. आणि शक्य असेल तेव्हा वायरच्या दोन्ही टोकांचे दिवे पाहावेत. एकाच बाजूची साक्ष घेऊन निकाल देऊ नये, हे महसुली कामात आम्हांस पहिल्या दिवशीच शिकविले जाते.

लुकलुकण्याविषयी आणखी एक मौज सांगण्याजोगी आहे. मूळ इथरनेटवरील लहानात लहान मजकूर तारेवरून सुमारे एक्कावन्न मायक्रोसेकंदांत निघून जातो. मानवी डोळ्याला तो दिसणे शक्य नाही. म्हणून तो चमकारा मंडळात लांबवून आपल्यापुढे ठेवला जातो. आपण पाहतो ते लुकलुकणे म्हणजे घटना नव्हे, आपल्यासाठी काढलेला तिचा गोषवारा आहे. जेथे असे लांबविणे केलेले नव्हते तेथे काय घडू शकते हे लॉफ्री व अम्फ्रेस या दोन अमेरिकन संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले. काही मोडेमांचे दिवे प्रत्यक्ष मजकुराच्या तालावर पेटत-विझत होते आणि दूर अंतरावरून तो उजेड टिपून मूळ मजकूर वाचता येत होता. दिव्याने कमी सांगितले तर माणूस फसतो, जास्त सांगितले तर गुपित फुटते.

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे मी असे अनेक दिवे पाहिले. निर्गतीचे तक्ते, शंभर टक्क्यांचे अहवाल, 'कार्यवाही पूर्ण' असे शेरे. त्यांतील पुष्कळसे खोटे नव्हते. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, याची ती प्रामाणिक नोंद होती. तो अर्जदाराच्या हाती पडला की नाही, याला मात्र ती बांधलेली नव्हती. कागद फिरत राहिला आणि फिरण्यालाच आम्ही काम समजलो.

त्या म्हातारीला मी पुन्हा पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर रांगेत ती होती की नव्हती हेही मला सांगता येत नाही. आज ती पुढे उभी राहिली तर तिच्या प्रश्नाला मी एवढेच उत्तर देईन : "आजी, दिवा तारेचा आहे, तुमच्या कागदाचा नाही. मीच चुकीचं सांगितलं. आपण खिडकीवर जाऊन पाहू या."